फळीस्वारांचे दाजी

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका पाण्याला भ्यालेला माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही, आणि वाहत्या पाण्यावर फळी टाकून तिच्यावर उभं राहायची शर्यत या देशात पहिल्यांदा भरवली तीही त्यांनीच, असं मी म्हणते. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू दे. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. माझे मालक म्हणायचे ते बरोबरच, त्यांच्या बहिणीचा नवरा तो. पण मग मीही म्हणायला लागले, आळीतली पोरंटोरं म्हणायला लागली, आणि शेवटी दौंड स्टेशनावरचे मद्रासी गार्डसुद्धा त्यांना 'ओ दाजी' म्हणून हाक मारायचे. ते रेल्वेत होते, दौंडच्या लोको शेडमध्ये. वाफेच्या इंजिनाच्या पोटात शिरून काम करणारा माणूस, आगीला कधी भ्याला नाही. पण पाणी म्हटलं की संपलं.

अंघोळ करताना ते डोळे मिटायचे नाहीत. डोक्यावरून तांब्या ओतताना माणूस डोळे मिटतो ना, हे एक डोळा उघडा ठेवायचे, पाणी कुठं जातंय त्याच्यावर लक्ष. त्यामुळं साबण जायचा डोळ्यात आणि तो डोळा दुपारपर्यंत लाल राहायचा. नवीन आलेले साहेब त्यांना 'रात्रपाळी होती का' म्हणून विचारायचे. गाडी भीमेच्या पुलावर आली की दाजी चपला काढून हातात घेत आणि पाय वर बाकावर. बसायचे नेहमी मधल्या डब्यात. मी एकदा विचारलं, दाजी, मधलाच का? तर म्हणाले, "पूल पडला तर पुढचा डबा आधी जातो आन् मागचा लोंबकळतो. मधल्याला इचार करायला टाइम मिळतो." आता मधल्या डब्यात बसून विचार काय करणार, हे मी विचारलं नाही. थोरल्या माणसाला किती विचारायचं. आमच्या मळ्यातल्या विहिरीत त्यांना बघायचं असलं तर ते आधी पालथे झोपायचे, मग वन्संना पायावर बसवायचे आणि मग कोपरांवर सरकत सरकत काठापर्यंत जायचे. वन्सं तशा अंगानं भरलेल्या. त्या बसल्या बसल्या शेंगा निवडायच्या.

पण एवढं भिऊन नदी सोडून राहावं की नाही? तर नाही. ड्यूटीवर जायच्या आधी रोज सकाळी घाटावर जाऊन पाणी बघून यायचे. किती चढलं, किती उतरलं, रंग कसा आहे, काडीकचरा येतोय का, फेस कुठल्या बाजूला धरलाय. दौंडातली कोळ्याची माणसंसुद्धा जाळं टाकायच्या आधी त्यांना विचारत. मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर जाता कशाला? तर म्हणाले, "वहिनी, घरात साप शिरला तर त्याच्याकडं पाठ करून झोपता का तुम्ही? त्याच्याकडं बघत बसता का न्हाई? मी तसा नदीकडं बघत बसतो."

असं बघत बसले होते तेव्हाच ते झालं. बहात्तरचा दुष्काळ सरून पुढच्या पावसाळ्यात नद्यांना पाणी आलं होतं, आणि रेल्वेच्या दवाखान्यात केरळचा एक कंपाउंडर नवीन लागला होता. समुद्रकाठचा पोरगा, घरच्या आठवणीनं सुकून गेलेला. तो एके दिवशी बंधाऱ्याखाली उतरला. बंधाऱ्यावरून पाणी पडतं ना, तिथं खाली एक लाट तयार होते, पण ती पुढं जात नाही, एकाच जागी उभी राहते, घुमत. त्या लाटेवर त्यानं लाकडाची फळी टाकली आणि तिच्यावर उभा राहिला. खालून पाणी धावतंय, पोरगा आहे तिथंच, हात पसरून. दाजी काठावर चिखलातच बसले. पोरगा हसत हसत बाहेर आला तेव्हा त्याच्या एक थोबाडीत दिली आणि मग त्यालाच धरून घरी नेऊन चहा पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जाऊन म्हणाले, "काल केलं ते परत करून दाखव. पण कमरेला दोरी बांधून."

आता बघा, आमच्याकडची पोरं लहानपणापासून कुळवावर उभी राहतात. कुळव मातीत बसावा म्हणून त्याच्यावर वजन लागतं, आणि दगड ठेवण्यापेक्षा पोरगं ठेवलेलं बरं, ते घरचंच असतं. बैल ओढताहेत, ढेकळं फुटताहेत, आणि पोरगं वर उभं, एका हातात शेपटी, दुसऱ्या हातात भाकरी. दाजींनी हे बरोबर हेरलं. कंपाउंडरला म्हणाले, तुमच्या समुद्रावर काय करत असतील ते करू देत, आमचं पोरगं ढेकळावर पडत न्हाई ते पाण्यावर काय पडतंय. आणि त्या वर्षी दौंडला पहिली शर्यत झाली. नियम एकच. लाटेवर जो जास्त वेळ उभा राहील तो जिंकला, आणि वेळ मोजायची बघ्यांनी, मोठ्यानं आकडे म्हणून. दोरी प्रत्येकाच्या कमरेला, दुसरं टोक बाभळीला. दाजी काठावर, पाण्यापासून चांगले लांब, हातात रेल्वेचे दोन झेंडे. हिरवा दाखवला की उतरायचं, लाल पडला की बाहेर.

पहिल्याच वर्षी फलक रंगवला, 'अखिल भारतीय फळीस्वार स्पर्धा'. मी म्हटलं, दाजी, दौंडची चार पोरं आणि म्हणे अखिल भारतीय. तर म्हणाले, "उतरले कोण बघा की. फायरमन तेलंगणाचा, कंपाउंडर केरळचा, बुकिंगातला बंगाली, शंटिंगचा बिहारी. दौंड जंक्शन म्हंजी अर्धा देश हाय वहिनी. उरलेला अर्धा गाडी बदलायला येतो." आणि गंमत म्हणजे ते खरं व्हायला लागलं. माणसं बदलून दुसऱ्या गावी गेली ती शर्यत बरोबर घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी शिरूरला घोडनदीवर दुसरी बारी, म्हणजे फेरी, ठरली, तिसऱ्या वर्षी कऱ्हाडकडची आणि नाशिककडची माणसं फळ्या घेऊन गाडीतून उतरली. मग एका नदीचे गुण दुसऱ्या नदीवर धरायचे असं ठरलं, म्हणजे सगळ्या नद्या फिरून जो पुढं तो देशात पहिला. शेवटची बारी शिरूरला. दरवर्षी माणसं वाढायची आणि दरवर्षी दाजी वाळायचे. पावसाळा आला की त्यांना अन्न जायचं नाही. वन्सं म्हणायच्या, "एवढं भ्या वाटतं तर बंद करा की." ते म्हणायचे, "मी बंद केलं तर पोरं दोरी सोडून उतरतील. मी हाय तवर दोरी हाय."

आणि मी? माझं काय व्हायचं ते माझं मला माहीत. कारण आमचे हे, म्हणजे माझे मालक, त्या फळीवर सगळ्यांत पुढं. शिरूरपासून कोसाभरावर आमचं शेत, आणि हे कुळवावर वाढलेले. पदरात तान्ही पोर, आणि नवरा घोडनदीच्या घुमणाऱ्या पाण्यावर उभा. रोज भाकरी थापताना कान बाहेर. कुणी पळत आलं की पिठाच्या हातानंच दारात. मी ह्यांना म्हणायची, तुमचं नाव देशात पहिलं आलं नाही तरी मला चालेल, तुम्ही घरात या. हे म्हणायचे, "दाजी हाईत की काठाला." म्हणजे काठावर कोण, तर अंघोळीला भिणारा माणूस. पण खरं सांगते, मलाही तेवढाच धीर होता. बेफिकीर माणूस काठाला असता तर मी ह्यांना घरात कोंडून घातलं असतं.

चौथ्या वर्षीची शिरूरची शेवटची बारी. हे पहिले यायचे, जवळजवळ ठरल्यासारखंच. मी पोरीला कडेवर घेऊन वन्संबरोबर काठावर. माणूस मावेना एवढं आलेलं. ट्रकच्या ट्यूबा पंक्चर काढून, हवा भरून रसूलभाईंनी काठाला मांडलेल्या. शिरूरात त्यांचं पंक्चरचं दुकान, दाजींचे दोस्त. कर्ण्यावर बैलगाडा शर्यतीच्या घाटात ओरडणारा गडी आणलेला. दौंडच्या शर्यतीला सगळी रेल्वेची माणसं, पण शिरूरात रेल्वेच नाही. इथली माणसं बैलगाड्याची. आणि बैलगाड्याच्या घाटात झेंडा पडला की बारी सुटते. झेंडा खाली म्हणजे सोडा. रंग कुठला, कोण बघतंय? तोवर दरवर्षी पाणी शांत होतं, लाल झेंड्याची कधी वेळच आली नव्हती. म्हणून हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दाजींच्यासुद्धा.

शेवटचे तिघं, त्यांत आमचे हे, फळ्या घेऊन काठाला बसलेले. दाजी दोऱ्या तपासून मागं सरले आणि तिघांनीही गुपचूप गाठी सोडल्या. शिरूरच्या माणसांसमोर दोरी बांधून उतरायची लाज वाटली म्हणे. मला लांबून दिसलं नाही. आणि तेवढ्यात दाजी पाण्याकडं बघता बघता एकदम ताठ झाले. मला वाटलं चक्कर आली. वरून पाण्याचा रंग बदलत येत होता. तांबडं, दाट, त्यात पाचोळा आणि पिवळा फेस. वर डोंगरात कुठं तरी फुटला होता पाऊस. दाजींनी हिरवा टाकला, लाल उचलला आणि जोरात खाली पाडला. थांबा.

"झेंडा पडला," कर्ण्यावर आवाज आला, आणि तिघंही फळ्यांवर.

दाजींनी शिट्टी मारली. मारल्या त्या शिट्ट्यांना लोकांनी शिट्ट्यांनीच उत्तर दिलं. लाल झेंडा ते वेड्यासारखे फिरवायला लागले, तसतशी माणसं जास्त ओरडायला लागली. फिरवा दाजी, अजून फिरवा. आकडे चालू झाले. मी ह्यांच्याकडं बघत होते, हे हसत होते, हात पसरून, आणि मागून ते तांबडं पाणी बंधाऱ्याच्या माथ्यावर चढत होतं. मी ओरडले का नाही मला आठवत नाही. पोरगी मात्र रडत होती, एवढं आठवतं, मी तिला फार जोरात धरलं होतं.

मग दाजींनी दोरी ओढली, ती मोकळीच हातात आली, तसा झेंडा फेकला आणि ते पाण्यात गेले. चालत. आधी घोटा, मग गुडघा. कमरेला पाणी लागलं तसे दोन्ही हात वर केले, विहिरीवर नवं पोर करतं तसे. डोळे दोन्ही उघडे. टोपी गेली. छातीला पाणी आलं आणि त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते देव जाणे. आणि आकडे थांबले. कर्णा खाली आला. कारण दाजींना पाण्याचं किती भय हे शिरूरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

हे नंतर मला म्हणाले, "झेंडा कितीबी फिरवला असता तरी मी हाललो नसतो. पण दाजी पाण्यात दिसले. म्हणलं, हा माणूस पाण्यात शिरला म्हंजी मागं काय तरी लई वाईट आलंय." ह्यांनी फळीवरून कडेला उडी टाकली, त्यांचं बघून बाकीच्या दोघांनी टाकली. तिघं हातपाय मारत काठाला लागले. दाजींना मात्र रसूलभाईंनी ट्यूब टाकून ओढलं, आणि दाजींनी ट्यूबेला अशी मिठी मारली की ती काढायला त्यातली हवाच सोडावी लागली. तेवढ्यात बंधाऱ्यावरून मुळासकट एक बाभूळ आली आणि हे उभे होते त्या लाटेत कोसळली. दोनदा वर आली, दोनदा खाली गेली. तिच्या फांद्यांत ह्यांची फळी अडकलेली दिसली, मग तीही दिसेनाशी झाली.

दाजी काठावर बसलेले, दात वाजताहेत, धोतरातून पाणी गळतंय. वन्सं पदरानं त्यांचं डोकं पुसत होत्या आणि शिव्या देत होत्या, दोन्ही एकदम. मी पुढं गेले, पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय ओढून घेतले. म्हणाले, "वहिनी, तुमचं माणूस तुम्हाला परत दिलं. आता माझ्याकडं देऊ नका."

स्पर्धा त्यांनी त्या दिवशी मोडली. आमचे हे पुष्कळ दिवस रुसून होते, देशात पहिला नंबर हुकला म्हणून. मी रुसू दिलं. रुसलेला माणूस समोर जेवत होता, मला तेवढं पुष्कळ होतं. कंपाउंडर बदली होऊन गावी गेला, आणि मग कधीमधी गार्डांच्या तोंडून कळायचं, तिकडं समुद्रावर पोरं लाटेवर उभी राहतात, लांबलांबची माणसं येतात, चढाओढ लावतात. दाजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काठाला कुणी भिणारं बसवलंय का, तेवढं इचार."

इकडं मात्र शर्यत मोडल्याचं सगळ्यांना कुठं कळलेलं. पुढच्या श्रावणात दौंड स्टेशनावर चार माणसं फळ्या घेऊन उतरली, पार इटारसीकडून आली होती. दाजींनी त्यांना घरी नेलं, वन्संनी पुरणपोळी केली, नदीकडं जाऊ दिलं नाही आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. त्याच्या पुढल्या वर्षी दोघं आले. मग एक. दरवर्षी दाजी स्टेशनावर जाऊन उभे राहायचे, कुणी परभारे नदीवर जाऊ नये म्हणून. असं सांगायचे ते.

एकटा आला त्याच्या पुढल्या वर्षी मी दौंडलाच होते, वन्संच्या बाळंतीण लेकीसाठी. दाजींबरोबर फलाटावर गेले. गाडी आली. बोचकी उतरली, कोंबड्या उतरल्या, एक बँडवाला उतरला त्याचा ढोल घेऊन. दाजी टाचा वर करून पार शेवटच्या डब्यापर्यंत बघत होते. फळी कुणाच्या हातात नव्हती. गाडी सुटली, गार्डानं हात केला, दाजींनी केला. फलाट मोकळा झाला. मला म्हणाले, "बरं झालं वहिनी, कुणी आलं न्हाई. जिवाचा घोर गेला." मी म्हटलं, व्हय की. मग धोतराचा सोगा झटकला, आणि ज्या माणसाला त्या लायनीवरची प्रत्येक गाडी झोपेत पाठ होती, तो माणूस तिकिटाच्या खिडकीशी जाऊन पोरसवदा बाबूला विचारायला लागला, "पुढची गाडी कवा हाय हो?"