तानोचं मत

एनो तीवाच्या मयताला लोकांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. एक तर मी मास्तर, आणि वर तिच्या मुलाला गावात शेवटचं पाहणारा माणूस. यातली पहिली गोष्ट खरी. दुसरी साफ खोटी, आणि ते गावात चौघांनाच ठाऊक होतं.

एनो म्हणजे आमच्या भाषेत आई. आमचं सगळं अंपोमाक्रोम गाव तिला एनो म्हणायचं. शाळेच्या फाटकाशी बसून ती कोनफळाचे काप तळायची. तोंडाने महाफटकळ. पोराने मातीच्या हाताने काप उचलला तर झारा उगारायची, आणि तेच पोर उपाशी दिसलं तर बोलावून खायला घालायची. मला म्हणायची, "मास्तर, तुमचा गणिताचा तास लागला की पोरं माझ्याकडे पळतात. असंच शिकवत राहा, माझा धंदा चालतो."

तिला एकच मुलगा, तानो. कामधंदा नव्हता. एकदा भर फाटकात, पोरांसमोर, ती त्याला म्हणाली, "बसून खातोस नुसता. तोंड काळं कर एकदाचं." आया असं बोलतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गावातल्या आणखी काही जणांबरोबर कामासाठी, वाळवंटातून, लिबियाच्या वाटेला लागला. मग निरोप नाही, काही नाही. टेचिमान शहराहून दुपारची गाडी आली की एनो हातातला झारा ठेवून उभी राहायची, उतरणारा प्रत्येक माणूस बघायची आणि परत बसायची. तीन वर्षं हे चाललं.

मग देशाची निवडणूक आली. आधी आठवडाभर मतदार यादी शाळेत लावतात, चूक असेल तर सांगा म्हणून. एनो रोज यायची. वाचता येत नव्हतं, पण दोघांनी एकाच दिवशी नाव नोंदवल्यामुळे तानोचा फोटो तिच्या फोटोच्या खालीच होता. कुदळ पक्षाचा एजंट बिन्फो तिला म्हणाला, "एनो, पोरगा काही आता येत नाही. काढून टाकायचं का नाव?"

"आधी तुझं काढते," ती म्हणाली. "तुझ्या आईला विचारते, तुझा काही उपयोग आहे का म्हणून."

मतदानाच्या दिवशी मी केंद्रप्रमुख होतो. पहाटेपासून लोकांनी जागा धरायला रांगेत आपापले दगड आणि चपला ठेवल्या होत्या. अंगठ्याचे ठसे तपासणारी यंत्रं तेव्हा नव्हती. ओळखपत्र नसलं तरी यादीत नाव असलं आणि कुठल्याही पक्षाच्या एजंटाने हरकत घेतली नाही, तर मी मतपत्रिका द्यायची. एजंट दोन होते, कुदळीचा बिन्फो आणि ढोल पक्षाची पोकुवा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे दहाच्या सुमाराला माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, यादीतले बारा जण लिबियात आहेत," बिन्फो हळूच म्हणाला. "सहा माझे, सहा हिचे. कोणी हरकत घेणार नाही."

"अरे, सहा आणि सहा म्हणजे फरक पडतोच कुठे?" मी म्हणालो. "कशाला करता?"

"मी नाही केलं तर ही बाराही खाईल."

"आणि मी नाही केलं तर हा," पोकुवा म्हणाली.

मी माझे कागद सरळ करत बसलो. तेरी भी चूप, मेरी भी चूप. शेजारच्या वस्तीतली पोरं आली, दुसऱ्यांच्या नावाने मतपत्रिकांवर अंगठे उमटवून गेली. एका सडपातळ पोराने तानोचं मत दिलं. कारकुनाने नावापुढे लाल रेघ ओढली.

दुपारी एनो आली. कारकुनाने तिच्या नावावर पट्टी ठेवली. तिचं लक्ष मात्र खालच्या फोटोकडे गेलं.

"ही रेघ कसली?"

कारकून माझ्याकडे बघायला लागला. बिन्फो स्वतःच्या चपलांकडे.

"मास्तर, माझा तानो आला होता?"

मागे सगळी रांग ऐकत होती. खरं बोलावं तर मत रद्द, केंद्र रद्द, माझी नोकरी जाणार आणि कदाचित मी तुरुंगात. मी म्हणालो, "रेघ आहे म्हणजे मत दिलंय, एनो."

ती मत न देताच पळाली. गाडीतळावर, दारूच्या टपरीवर, चर्चमध्ये, घरोघर. संध्याकाळी आम्ही मतं मोजत होतो तेव्हा तिच्या अंगणातून फुफूसाठी उकडलेले कंद कांडल्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, जेवायला तरी येईल. कुदळ मोठ्या फरकाने जिंकली. दोन्ही एजंटांनी निकालपत्रावर सह्या केल्या, काही तक्रार नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात होती. डोळे सुजलेले. "कसा दिसत होता हो? बारीक झालाय?"

तेव्हा सांगायचं होतं. घरात तिच्या-माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, "थोडा बारीक. पण बरा होता."

"माझं काही विचारलं?"

"गर्दी फार होती, एनो."

"म्हणजे नाही विचारलं." ती म्हणाली. "मत द्यायला एवढ्या लांबून आला. माझं दार शाळेपासून हाकेवर आहे, मास्तर. माझा एक शब्द तीन वर्षं धरून बसला."

त्यानंतर ती गाडी बघायला कधी उठली नाही. तानोची खाट तिने भावाला दिली, कपडे वाटून टाकले. फटकळपणाही गेला. पोरं मातीच्या हाताने काप उचलायची आणि ती काही म्हणायची नाही. मी रोज त्याच फाटकातून शाळेत जायचो. जीभ उचलली नाही. भित्रा माणूस कारणं फार छान शोधतो, मीही शोधली.

दोन वर्षांनी तानोबरोबर गेलेल्यांतला एक जण परतला. त्याने सांगितलं, वाळवंटात ट्रक बंद पडला, पाणी संपलं. तानो घर सोडल्यापासून महिन्याभरातच गेला. तिथेच वाळूत पुरला.

मला वाटलं, आता माझं बिंग फुटणार. एनो संध्याकाळी आलीच. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परमुलखात अवेळी मेलेला माणूस कुठे कुठे हिंडताना दिसतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

"म्हणजे तुम्ही पाहिला तो गेल्यावरचा होता," ती म्हणाली. "उगाच त्याला निष्ठुर म्हटलं मी. मेलेल्या माणसाला आईच्या घराची वाट सापडत नसेल. शाळा तेवढी सापडली." मग माझा हात धरून तिने विचारलं, "तहानेने गेला हो माझा पोर. तुम्ही त्याला पाणी दिलंत का, मास्तर?"

"दिलं," मी म्हणालो.

"प्यायला?"

"प्यायला, एनो."

तिने माझा हात कपाळाला लावला. "तुमचे फार उपकार झाले," ती म्हणाली.