सिराजभाईंचा आठ

जुलै महिन्यात मस्कतमध्ये स्वेटर हातात घेऊन घराबाहेर पडणारी बाई एक तर वेडी असते, नाही तर तिची मुलगी बर्फावर स्केटिंग शिकत असते. मी दुसऱ्या जातीतली. बाहेर चव्वेचाळीस, आत सोळा, आणि दर शुक्रवारी सकाळी आठला त्या गारठ्यात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर तासभर मी. चार वर्षं हे केलं. वल्लरीला त्यातून काय मिळालं ते तिलाच माहीत. मला सर्दी मिळाली आणि सिराजभाई भेटले.

सिराजभाई म्हणजे रिंकवरचे धार लावणारे. मूळचे श्रीवर्धनचे. स्केट्सच्या पात्यांना चाकावर धार लावायची, बर्फावरून यंत्र फिरवून तो गुळगुळीत करायचा, भाड्याचे निळे बूट पुसून फळीवर लावायचे, ही त्यांची कामं. चोवीस वर्षं तीच. मस्कतच्या रुवी भागातल्या एका खोलीत चौघांत राहायचे, साडेसातला हजर. सांधे इतके धरलेले, की खुर्चीवरून उठताना आधी एक सुस्कारा उठायचा, मग सिराजभाई.

घरी बायकोला, शकीलाभाभींना, वाटायचं की नवरा बर्फाच्या कारखान्यात आहे. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला बर्फ म्हणजे मासळीचाच. "लादी का चुरा?" असं त्यांनी ही नोकरी लागल्यावर लगेचच विचारलं होतं आणि सिराजभाई "लादी" म्हणून मोकळे झाले होते. पुढे ते दुरुस्त करायचं राहून गेलं. मी यावरून त्यांना छेडायची. ते म्हणायचे, "ताई, दोन वरसांनी एक महिना घरी जातंय. त्यात ह्ये कुठं समजावत बसू?"

एका शुक्रवारी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले, तेव्हा हा माणूस एकटाच बर्फावर होता. एका पायावर उभा, हात बाजूला, मान थोडी वळलेली, आणि अगदी सावकाश एका मोठ्या वर्तुळावरून घसरत चाललेला. उडी नाही, गिरकी नाही. वर्तुळ पुरं झालं की पाय बदलून शेजारच्या वर्तुळावर. बर्फावर इंग्रजी आठ उमटत होता. मी स्वेटर घालायचीच विसरले.

त्यामागची गोष्ट त्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितली. नव्वदच्या दशकात डोरोथी नावाची एक वयस्क इंग्रज बाई रोज सकाळी रिंकवर यायची. पूर्वी स्केटिंगच्या स्पर्धेत सगळ्यांना ठरलेल्या आकृत्या काढाव्या लागत. आठाच्या एका वर्तुळाला एकच रेटा, आणि तोच आठ त्याच रेघेवरून तीनदा. मग परीक्षक बर्फावर ओणवे होऊन बघत, तीन रेघा एकीवर एक बसल्यात की नाही. १९९० साली हा प्रकार मोठ्या स्पर्धांतून गेला. बाईंचा खेळच बंद झाला, पण बाई काही बंद झाल्या नाहीत. सिराजभाई त्यांचा कंपास धरायचे. माणसापेक्षा लांब लोखंडी नळी, एका टोकाला बर्फात रुतणारा खिळा, दुसऱ्याला ओरखडा काढणारं टोक. वर्तुळ आखून द्यायचं, रेघेवरचा भुगा मऊ कुंच्याने झाडायचा. कधीतरी बाईंनी त्यांनाच उभं केलं. सत्त्याण्णवमध्ये त्या मायदेशी परतल्या तेव्हा कंपास आणि आपल्या स्केट्सची पाती त्यांना देऊन गेल्या. सिराजभाईंनी पाती उतरवून स्वतःच्या मापाच्या जुन्या बुटांना ठोकली.

त्या पात्यांचं एक गुपित होतं. साध्या स्केटच्या पात्याला खालून खोल पन्हळ असते, म्हणून त्याच्या कडा बर्फात चावतात. आकृतीच्या पात्याची पन्हळ जेमतेम जाणवेल एवढीच. ते चावत नाही, म्हणून एका रेट्यात वर्तुळ पुरं होतं. सिराजभाईंनी ती पाती कधी चाकाला लावली नाहीत. तीन-चार महिन्यांनी तेलाच्या दगडावर हाताने घासायचे. घासून घासून नखाएवढं पोलाद उरलं होतं.

एवढं करूनही तीन रेघांची एक रेघ त्यांना एकदाही साधली नव्हती. दोन बसायच्या, तिसरी दगा द्यायची.

२०१६च्या जुलैत व्हिसा संपला. साठी झाली होती, कंपनीने नवा काढला नाही. शनिवारचं विमान. आदल्या गुरुवारी त्यांनी मला फोन केला.

"ताई, उद्या साडेसातला येताव काय? एकदा नीट आठ काढतंय. तुमी व्हिडिओ काढा. शकीलाला दाखवीन, चोवीस वरसं काय केलं त्ये. नी रेघा तुमी बघायच्या."

"मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी फटकळ हाव. खोटं बोलणार नाय."

गेले. वल्लरीला अर्धवट झोपेत गाडीत कोंबून गेले. सिराजभाईंनी यंत्र फिरवून बर्फ आरशासारखा केला होता. कंपासने दोन वर्तुळं आखली. इस्त्रीचा सदरा घातला होता. बुटांचे बंद बांधले, दोन वर्तुळं जुळतात त्या केंद्रावर उभे राहिले, रेटा दिला.

पाऊण वर्तुळात थांबले.

परत केंद्रावर आले, पुन्हा रेटा. पुन्हा तिथेच थांबले. खाली बघत राहिले, मग कठड्याशी येऊन बूट काढला आणि पात्याच्या तळावरून अंगठा फिरवला.

एवढ्यात सादिक आला. रत्नागिरीचा, तिशी उलटलेला, सिराजभाईंच्या जागी नेमलेला. पोर लाजत म्हणाला, "चाचा, धार कशी झाली? काल तुमी नमाजला गेलाव तवा लावली. अगदी बोथट झालती, एक कड नव्हती. म्हटलं, जाताना चाचा माझ्या हातच्या धारेवर जाऊ दे."

सगळ्या पात्यांना लावतात तशी खोल पन्हळ त्याने त्या नखाएवढ्या पोलादात पाडली होती. आता ती सपाट करायची म्हणजे पातंच उरणार नव्हतं.

"एकदम फर्स्टक्लास," सिराजभाई म्हणाले.

सादिक खुशीत चहा आणायला गेला आणि माझं डोकं सणकलं. "तुम्ही त्याला सांगत का नाही? त्याने वाटोळं केलं सगळ्याचं!"

"त्याला काय म्हायत?" ते बूट मांडीवर घेऊन बसले होते. "मी कुणाला सांगितलं? घरी नाय, हितं नाय. ह्यो आठ माझा, मीच करणार, असं धरून बसलो. कुणी तरी बोथट बघून धार लावणारच ना? मीपण लावली असती."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी आणखी तापते. म्हटलं, चला, खलास, घरी जाऊ. ते उठले. सुस्कारा, मग ते. भाड्याच्या बुटांच्या फळीपाशी गेले आणि एकेक पातं अंगठ्याने चाचपत सगळ्यांत बोथट जोडी निवडली. जन्मभर धार लावलेल्या माणसाने.

"काढा व्हिडिओ."

मी काढला. एका रेट्यात काही जमलं नाही, दर वर्तुळाला तीन-तीन रेटे द्यावे लागले. पण आठ झाला, एकदा, दोनदा, तीनदा. मग ते बाजूला झाले आणि माझ्याकडे बघितलं. मी चपला घालूनच बर्फावर गेले, ओणवी झाले. लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"तीन," मी म्हटलं. "एकीत आणि दुसरीत माझा तळहात मावेल."

त्यांनी मान हलवली. व्हिडिओ तिथूनच शकीलाभाभींना पाठवला. सादिकचा चहा पिऊन होईतो त्यांचा आवाजी निरोप आला, आणि सिराजभाईंनी तो मला ऐकू येईल असा लावला.

"आवो, ह्ये तुमी हाव? पडलाव नाय ना कुठं? एवढी वरसं ह्ये करत व्हताव नी मना बोललाव नाय? किती गोल काढलाय, एकावर एक, एकच रेघ दिसतेय. पाय दुखत असतील. या आता घरी."

त्यांनी तो परत लावला. मग तिसऱ्यांदा. मग फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"ताई, तुमी तीन बोललाव ना?"

"तीनच आहेत, सिराजभाई."

"हां," ते म्हणाले. "शकीलाला एक दिसली."

आठ वाजायला आले होते. वल्लरी बूट घालून कठड्याशी उभी होती. सिराजभाईंनी कंपास सादिकच्या हातात दिला, त्याला म्हणाले, "बस, ह्ये काय हाय त्ये सांगतंय," आणि आधी यंत्र चालू करून आपला आठ पुसायला गेले.