पंख्यातला कापूस

मला सगळे तापट म्हणतात, आणि आहेच मी तापट. पण त्या साली माझ्या रागानंच माझं काम केलं.

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. घर दर्यापूरजवळच्या खेड्यात. जीपनं दर्यापूर, तिथून एसटीनं कॉलेज, असं रोजचं जाणं-येणं. आमच्या भागाचं नाव पेपरात यायचं ते फक्त वाईट बातमीत, अशी ती सालं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी प्रोजेक्ट तयारच विकत आणला होता. मी नाही. माझा मी लिहिला होता, एकेक ओळ. मागच्या हंगामांचे कापसाचे बाजारभाव वाचून, कोणत्या आठवड्यात माल विकणं बरं ते सांगणारा प्रोग्राम. ते भावसुद्धा जुन्या पेपरांतून बोटं दुखेपर्यंत मीच टाईप केले होते.

अडचण होती ती लॅपटॉपची. अकोल्याच्या एका दुकानातून घेतलेला जुना माल, कोण्या ऑफिसात झिजून आलेला. पहिले काही महिने गुणानं चालला आणि मग तापायला लागला. हाताला चटके बसायचे. प्रोग्राम अर्ध्यावर आला की पंखा बोंबलायचा आणि पडदा काळा ठिक्कर! परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांसमोर तो शेवटपर्यंत चालवून दाखवायचा होता. मध्येच बंद पडला तर माझं वर्ष गेलं.

घरात उपायांना तोटा नव्हता. आई म्हणाली, "माठाजवळ ठेव." बाबा म्हणाले, "बैलालेही मधात सोडतेत वं. दम खाऊ दे त्याले." दम खाऊ दिला, तरी तेच. शेवटी पिशवीत घालून अकोल्याला त्याच दुकानात नेला. दुकानदार चाचांनी वरूनच हात लावला आणि मान हलवली. "इसका बोर्ड गया, बेटा. दूसरा दिखाऊं?"

डोक्याची शीर तडकली माझी. न उघडताच बोर्ड गेला? "चाचा, स्क्रू ड्रायव्हर द्या," म्हटलं. ते हसले, पण दिला. त्यांच्याच काउंटरवर मी तो पालथा घातला आणि स्क्रू काढायला बसले. खालचं झाकण निघालं, आणि पंख्याच्या तोंडाशी पाहते तर काय, मळकट पांढरी, घट्ट बसलेली गादी. चिमट्यानं ओढली तशी सबंध निघून आली. कापूस!

तेव्हा कळलं घोडं कुठं पेंड खात होतं ते. आमची पुढची खोली दिवाळीपासून कापसानं भरलेली होती, पार आढ्यापर्यंत. बाबा भाव वाढायची वाट पाहत होते. कापूस घरात आला की वऱ्हाडात तोच पलंग आणि तीच बैठक. मी त्या ढिगात खळगा करून बसायची आणि लॅपटॉप कापसावरच ठेवायची, मऊ लागतो म्हणून. हवा ओढायची जाळी होती खाली, आणि पंखा बिचारा महिनोन् महिने आमचा कापूस ओढत बसला होता. चाचा पोट धरून हसले. "गद्दी भर के रखी क्या अंदर?" मग स्वतःच चिपवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावून दिली आणि पैसे घ्यायला साफ नाही म्हणाले.

तो गोळा मी मुठीत धरून घरी आणला आणि बाबांपुढे टाकला. "पाहा, तुमच्या कापसानं माझा गळा धरला होता." बाबांनी गोळा उचलला, चिमटीत धरून दोन्हीकडून हळूच ओढला, उजेडात पाहिला. व्यापारी पाहतात तसा. "पण धागा पाह्य किती लांब हाये!"

काय बोलावं अशा माणसाला! आईनं मात्र लगेच बंदोबस्त केला. स्वयंपाकघराच्या दाराला ओलं लुगडं टांगलं, म्हणजे उडणारा कापूस आत येणार नाही, आणि लॅपटॉपखाली हवा खेळावी म्हणून मला पोळपाट दिला. "पोळ्या मी ताटावर लाटीन. तू ने तो."

नेला की, परीक्षेच्या दिवशी थेट अमरावतीला. बाबाही आले, नको म्हटलं तरी. लॅबच्या दाराशी शिपायानं त्यांना स्टूल दिलं. पोळपाटावरचा लॅपटॉप पाहून पोरं खिदळली. बाहेरून आलेले सर हसले नाहीत. त्यांनी प्रोग्राम चालताना पाहिला, शेवटपर्यंत पाहिला, आणि विचारलं, "हा कुठून विकत आणला?"

"मी लिहिला आहे, सर."

"असं? मग भावातून गाडीभाडं वजा करून दाखव. आत्ता."

त्यांच्यासमोर ओळी लिहिल्या. ते सोपं होतं. पण आता प्रोग्राम पुन्हा चालवायचा होता, लागोपाठ दुसऱ्यांदा, आणि बाहेर वैशाखाचं ऊन. घरी मी मध्ये नेहमी थंड होऊ द्यायची. पंखा किंचाळायला लागला, कडेला हात ठेववेना. सरच म्हणाले, "बंद कर, जळेल. समजलं मला, तूच लिहिला आहेस."

"नाही सर. पूर्ण होऊ द्या."

इतकी हट्टी मी जन्मात कधी झाले नव्हते. आणि तो चालला! शेवटची ओळ पडद्यावर उमटली तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं.

"काय निघालं वं?" दारातून बाबांनी विचारलं.

मी वाचलं आणि जीभ चावली. पण खोटं कसं सांगू? "बाबा, कापूस दिवाळीतच विकायला पाहिजे होता."

सगळी लॅब हसली. सरसुद्धा. बाबा उठून बाहेर गेले. सरांनी शाबासकी दिली ती माझ्या कानात शिरलीच नाही. एवढ्या लोकांत बापाला खाली पाहायला लावलं, हेच मनात.

परतीच्या एसटीत ते मला सोडून पुढच्या बाकावर बसले. गाडी सुरू झाल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज मायी पोरगी परीक्षेत मले सगळ्याईसमोर खोटं पाडून आली. तिनं सोता लिहेल मशीननं. अन् बरोबर पाडलं! अवघं गाव सांगे का दिवाळीतच कापूस इक, मी कोणाचं आयकलं नाही. तिचं आयकलं."

म्हाताऱ्यानं अविश्वासानं विचारलं, "कोणती पोरगी?"

"उभी राय वं, बाई," बाबा म्हणाले. "दिसू दे लोकाईले."

मी उभी राहिले.