सात नंबरच्या शेपटीवरचं नाव

माझ्या सासूबाई शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि रविवारी मी त्याच लिंबाचं सरबत करते. एवढ्यावरून माझा स्वभाव लक्षात यावा. वाचकांनी इथे लिहिलेले गूढ अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचताना बहुतेक वेळा मनात येतं... थाप आहे! यवतमाळला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रयोग न करताच जर्नलमध्ये ठोकून दिलेली रीडिंग पकडण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. घरचे मला इन्स्पेक्टर म्हणतात. तेव्हा हे लिहायला मला दोन वर्षं लागली, यात नवल नाही.

मला एकच नाद आहे – जुन्या रेसगाड्यांचे फोटो काढण्याचा. वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते, त्यांच्यामुळे लागला. आजच्या गाड्या मला सगळ्या साबणाच्या वडीसारख्या दिसतात. जुन्या रेसगाडीचा पत्रा मात्र कोणीतरी हाताने ठोकून वळवलेला असतो. तिरप्या उन्हात हातोडीच्या खुणा दिसतात, एखादा रिव्हेट वाकडा बसलेला दिसतो, तो बसवताना कारागीर कंटाळला होता हेसुद्धा कळतं. नागपूर, पुणे, हैदराबाद... जिथे अशा गाड्या पळवतात तिथे मी सुट्टी टाकून जाते. नवऱ्याला हे वेड वाटतं, पण स्वयंपाक तो बरा करतो, त्यामुळे आमचं चाललंय.

आणि दोन वर्षांपूर्वी जानेवारीत असा मेळा चक्क आमच्याच जिल्ह्यात भरला. घाटंजीकडे जाताना आमच्या ओळखीच्या प्रमोदभाऊंची बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी आहे. कापसाच्या गाड्यांची रांग लागायची तो डांबरी रस्ता आवाराला गोल वळसा घालतो. प्रमोदभाऊंनी तो दुरुस्त केला, कडेला गवताचे भारे रचले, आणि नऊ जुन्या गाड्या ट्रेलरवरून येऊन दाखल झाल्या. शर्यत अशी नव्हे, हौसेने फेऱ्या मारायच्या. या गाड्यांच्या इंजिनात घालतात त्या एरंडेल तेलाचा जळका, गोडसर वास अख्ख्या आवारात भरला होता. ज्याला त्याचं वेड आहे त्यालाच त्यातली मजा कळेल.

प्रमोदभाऊंची स्वतःची गाडी म्हणजे सात नंबर. एकट्याने बसायची, लाल, जुन्या फियाटच्या इंजिनावर कोणीतरी घरी बांधलेली. कोणी बांधली? तिथेच घोडं अडलं होतं. भाऊंनी ती नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून घेतली, कागदपत्रं काहीच नाहीत. एका पाहुण्याचं म्हणणं, ही मुंबईच्या एका नामांकित कारखान्याची. आणि भाऊंकडे गाडीची देखभाल करणारे युसूफचाचा सांगायचे, ही माझ्या मोठ्या भावाने, हमीदने, महागावात आमच्या गॅरेजमध्ये पन्नासेक वर्षांपूर्वी बांधली. चाचांचं वय सत्तरच्या पुढे. हमीदभाई कधीच गेले. पुरावा शून्य – एक फोटो नाही, एक चिठ्ठी नाही.

रविवारी चार वाजता गाडीसमोर पितळी पाटी बसवायची होती. "बांधणारा" या शब्दापुढची जागा कोरी ठेवली होती. भाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुमची नजर बारीक आहे. फोटो काढता काढता काही खूण सापडते का पहा. तुम्ही म्हणाल ते नाव टाकतो."

हे ऐकून चाचा माझ्याजवळ आले. अंगात स्वच्छ धुतलेला निळा शर्ट, नखांत मात्र ग्रीस. म्हणाले, "मॅडम, माह्यं नाव नको. हमीदचं तेवढं टाका. मरायच्या आधी एवढं एक काम करा लागते मले."

झालं! इतकं साधं, इतकं निःस्वार्थी बोलणारा माणूस दिसला की माझ्या डोक्यात घंटा वाजते. मी हसून मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांच्यावर लक्ष ठेवायचं.

शनिवारी साडेअकराच्या सुमारास भाऊ सात नंबर घेऊन फेऱ्या मारत होते. मी वळणावर गवताच्या भाऱ्यांमागे बसून पॅनिंग करत होते. पॅनिंग म्हणजे धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा. जमलं तर गाडी स्पष्ट येते आणि मागची झाडं-माणसं पुसट पट्टे होऊन जातात. दहातले आठ फोटो वाया जातात, म्हणून एका दमात अकरा-बारा काढायचे. तसे मी काढले. दुपारी कॅमेरा मांडवातल्या टेबलावर ठेवून झुणका-भाकरीच्या रांगेत उभी राहिले. दहा मिनिटं. परत आले तेव्हा त्या टेबलाशी युसूफचाचा चहा पीत बसले होते. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा, कारण पुढे चोवीस तास मी तीच धरून बसले होते.

संध्याकाळी घरी फोटो कॉम्प्युटरवर टाकले. एका फेरीचे अकरा फोटो होते. त्यातल्या सहांमध्ये गाडीच्या शेपटीवर, म्हणजे मागच्या निमुळत्या पत्र्यावर, काळ्या रंगात एक नाव होतं.

युसूफ.

हाताने रंगवलेलं. शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे लहान आणि दाबून बसवलेलं. मधल्या अक्षराखाली रंगाचा एक ओघळ. मी चहा तसाच ठेवला. त्या शेपटीवर काहीही लिहिलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळीच तिचे जवळून वीस फोटो काढले होते, त्यांतही ती कोरीच होती. आणि गंमत म्हणजे, या सहा फोटोंत गाडीचा सातचा आकडा किंचित हललेला होता. माझा हात तेवढा स्थिर नाही. नाव मात्र दगडावर कोरल्यासारखं, अजिबात न हललेलं. एकाच गाडीवरचा आकडा आणि नाव एकाच क्षणी असे वेगवेगळे येऊ शकत नाहीत. म्हणजे उघड होतं... कोणीतरी नंतर घुसडलं होतं.

भीती वगैरे मुळीच वाटली नाही. राग आला, संताप संताप झाला. मला मूर्ख समजतात की काय?

रविवारी सकाळी आठलाच पोचले. शेपटीला नाक लावून पाहिलं, बॅटरी तिरपी धरून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत लाल पत्रा. समोरच्या एखाद्या फलकाचं प्रतिबिंब म्हणावं, तर ते उलटं आलं असतं, आणि त्या वळणावर फलकच नव्हता. मग मी प्रमोदभाऊंना फोटो दाखवले आणि भाऊंनी चाचांना हाक मारली.

चाचांनी चष्मा लावला. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे त माह्यं नाव हाये," ते म्हणाले.

"ते मलाही वाचता येतं. आलं कुठून?"

"मले काय मालूम, मॅडम?"

आणि मी बोलून गेले. दोन पाहुणे उभे होते, त्यांच्यासमोर. "काल भावाचं नाव, भावाचं नाव करत होतात. शेवटी स्वतःचंच घुसडलंत ना? माझा कॅमेरा दहा मिनिटं तुमच्यासमोर होता, चाचा. कोणाकडून करून घेतलंत ते सांगा."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुमी मायावर शक करून राह्यल्या?" आवाज चढवला नाही, हेच मला जास्त खटकलं. "मले फोन आला त उचलता येते, बस. तुमच्या त्या डब्ब्याले मी कायले हात लावू? अन् मॅडम... माह्यं नाव त्या गाडीवर असूच शकत नाही."

"काहून?" भाऊंनी विचारलं.

चाचा पाना पुन्हा उचलून फडक्याने पुसायला लागले.

भाऊ मला म्हणाले, "जुना रंग खालून दिसला म्हणावं, तर तेही नाही. ही शेपूट नवी आहे. मागच्या साली चाचांनीच नवा पत्रा ठोकला. जुनी पार सडली होती."

"जुनी कुठे आहे?"

"विहिरीवर. मोटरच्या स्टार्टरची पेटी भिजू नये म्हणून वर झाकली आहे."

मी म्हटलं, चला.

तुरीच्या कापलेल्या खुंटांमधून आम्ही तिघं विहिरीवर गेलो. पेटीवर ती शेपूट पालथी घातलेली, लाल रंग जागोजाग फुगलेला, एका कडेला गंज. लाल रंगावर गांधीलमाशीने मातीचं घर केलेलं होतं आणि तेही वाळून टणक झालेलं. मी नीट तपासलं. कुठे खरवडल्याची, कोणी नव्याने रंगवल्याची खूण नव्हती. भाऊंनी पॉलिश पेपर आणि रॉकेल मागवलं. चाचा पुढे झाले, तशी मी हात आडवा केला.

"तुम्ही नाही. तुम्ही तिकडे बाभळीजवळ उभे राहा. मी खरवडते."

वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले. आणि ते गेले, मुकाट्याने जाऊन बाभळीजवळ उभे राहिले.

लाल रंगाखाली निळा निघाला. निळा निघता निघेना, बोटं सोलवटली. निळ्याखाली पिवळा. मी मातीचं घर फोडलं आणि त्याच्या खालीही घासलं. मग पिवळ्यावर काळी रेघ दिसली. दुसरी दिसली.

चाचा लांबूनच विचारत होते, "काय निंगलं मॅडम? हमीदच असन ना? हमीदच असन."

भाऊंनी कॅमेऱ्याचा पडदा पत्र्याशेजारी धरला. तेच नाव. तोच ओघळ, त्याच अक्षराखाली. शेवटचं अक्षर तसंच दाबून बसवलेलं.

"चाचा, इकडे या," मी म्हटलं.

ते आले. चष्मा डोळ्यावरच होता, तरी खिशात शोधत राहिले. मग वाकून त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि विहिरीच्या काठावर मटकन बसले.

"आमचं नावावरून वाजलतं," ते म्हणाले. "दोन साल दोघांनी मिळून बनवली, पत्रे मीच ठोकले. नागपूरच्या रेसच्या आदल्या दिवशी हमीद म्हणे, शेपटी लहान हाये, एकच नाव बसते. मी म्हटलं, मंग टाक तुह्यंच, तूच त मोठा हायस ना! अन् घरातून निंगून गेलतो. रंग मारलेली गाडी मी पायलीच नाही. थो रेसले गेला, तिकडंच कोणाले तरी गाडी विकली, कामाले हैदराबादले गेला. तिथंच तापानं गेला. मी त्याचं तोंड पायलं नाही पुन्हा. पन्नास साल मी त्याच्यावर गुस्सा धरून बसलो..."

भाऊ त्यांच्या शेजारी बसले आणि खांद्यावर हात टाकला. मी हातात पॉलिश पेपर घेऊन उभीच होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माफी मागायला तोंड उघडलं, आणि मीच रडायला लागले.

चार वाजता पाटी लागली. भाऊ म्हणाले दोन्ही नावं टाकू. चाचांनी ऐकलं नाही. पाटीवर हमीदभाईंचं एकट्याचं नाव आहे. जुनी शेपूट चाचा महागावला घेऊन गेले.

निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला धरून उभं केलं. म्हणाले, "जाऊ द्या ना, मॅडम. तुमी शक केला म्हणून त खरवडलं. मले कोण खरवडू देत होतं?"

आता उरला तो प्रश्न. शनिवारी साडेअकराला गाडीवर नवी शेपूट होती आणि जुनी, दोन रंगांखाली नाव दडलेली, विहिरीवर पडून होती. मग फोटोत ते आलं कुठून? कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांना मूळ फाइल दाखवल्या, नागपूरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरला दाखवल्या. फाइलमध्ये कोणी हात घातल्याची खूण त्यांना सापडली नाही. चाचांनी तरुणपणीच कधीतरी ते नाव पाहिलं असेल आणि ते खोटं बोलत असतील, हाही विचार मी करून पाहिला. हो, विहिरीवर एवढं रडल्यावरसुद्धा केला, माझा स्वभावच तसा आहे. पण त्याने फोटोचं कोडं सुटत नाही. मला अजून कुठलंच स्पष्टीकरण मिळालेलं नाही.

पुढच्या जानेवारीत मेळा पुन्हा भरला. मी त्याच वळणावर, त्याच वेळी, तोच कॅमेरा घेऊन बसले आणि सात नंबरचे दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन एकेक मोठा करून पाहिला. सगळ्यांत लाल, कोरा पत्रा. माझ्यासारख्या बाईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण शेवटचा फोटो पाहून झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून पाहायला सुरुवात केली, आणि तेव्हा कळलं की मी ते नाव नसल्याची खात्री करत नव्हते... ते असावं म्हणून शोधत होते.