आतोबांचा चिखल

आमच्या आतोबांइतका चिखलावर प्रेम करणारा प्राणी इंदुरात झाला नाही, आणि त्यात मी म्हशीही धरल्या आहेत. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. नवं मध्यप्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि सगळं इंदूर ठरलेलं लग्न मोडल्यासारखं तोंड पाडून बसलं, तेव्हा आतोबा पचमढीच्या डोंगरावर गुडघाभर दलदलीत उभे होते. लोक तिथे सूर्यास्त पाहायला जात. हे सूर्यास्ताकडे पाठ करून लोखंडी नळा चिखलात ठोकत आणि काळी ढेपळं ट्रंकेत भरून घरी आणत. शेजारचे वकील म्हणत, "प्रोफेसरसाब, इतक्या लांब कशाला? आमच्या नालीतून काढा ना, फोकट में!" आतोबा रागवत नसत. ढेपूळ कापून दाखवत. "ही माती नाही भिया, कुजून दबलेलं रान आहे, कच्चा कोळसाच म्हणा. ही काळी रेघ म्हणजे वणवा. रेघेखाली झाडांचे पराग, वर नुसतं गवत. मग पाऊस वाढला, झाडं परत आली." वकील चष्मा पुसून म्हणत, "अच्छा! म्हणजे नालीच की."

अखेर बाहेरगावचे एक मोठे शास्त्रज्ञ दिवाळीनंतर ही ढेपळं पाहायला येणार असं ठरलं. आयुष्यभराची थट्टा एकदाची थांबणार होती. बुरशी धरू नये म्हणून आतोबांनी ढेपळं गच्चीवर ओळीनं वाळत घातली. आम्ही दिवाळीला तिथेच होतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे माझी आई बंब पेटवायला उठली. गच्चीवर वाळतं ते बंबात जातं, हा आमच्या घराण्याचा कायदा. तिनं टोपली भरून आणली, आमची अभ्यंगस्नानं कढत पाण्यानं झाली, आणि "वन्संकडच्या गोवऱ्या धगतात हो छान" असं कौतुकही झालं.

आतोबा अंगाला तेल लावून शेवटी आले आणि बंबासमोर उकिडवेच बसले. आईला रडू आवरेना. ते म्हणाले, "रडू नका वहिनी. त्या रानाला जळायची सवय आहे." त्याच पाण्यानं त्यांनी आंघोळ केली. शास्त्रज्ञांना येऊ नका म्हणून तार गेली.

उन्हाळ्यात ते पुन्हा पचमढीला गेले. दलदलीवर मुरूम टाकून साहेबलोकांसाठी गुलाबाचा बगीचा केला होता. परत आल्यावर आत्यानं ट्रंक उघडली, तर आत नुसती स्वच्छ धोतरं. "या वेळी धुवायला काही नाही," आतोबा म्हणाले. चिखलाच्या डागांवरून जन्मभर त्यांना बोलणारी आत्या ती धोतरं छातीशी धरून रडली. मलाही फार वाईट वाटलं, अजून वाटतं.