झाकणावरचे दाजी

या भूतलावर निर्धोक अशी एकही वस्तू नाही, अशी आमच्या दाजींची ठाम समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, राहणार बोरी बुद्रुक, आरोग्य खात्यातून निवृत्त. हल्ली एका संस्थेसाठी ते संडासाच्या टाक्या उपसणाऱ्या कामगारांची पाहणी करतात, म्हणजे कुणाला कामातून काय अपाय होऊ शकतो ते फॉर्मवर लिहितात. त्यांचं गणित सोपं आहे. गोष्ट घडण्याची शक्यता पाचांपैकी किती आणि घडली तर नुकसान पाचांपैकी किती, या दोन्हींचा गुणाकार म्हणजे धोका. पण हे गणित टाकीपाशी ठेवून घरी येतील तर ते दाजी कसले! माझ्या लग्नात मी घोड्यावर बसलो तेव्हा वाजंत्री थांबवून त्यांनी मला दहा गुण जाहीर केले होते. आक्काच्या लोणच्याला सहा, उसातल्या बिबट्याला दहा आणि माझ्या मोटारसायकल चालवण्याला सोळा! "बिबट्या समोरून येताना दिसतो तरी, पावणं," असं वर स्पष्टीकरण. तरी पाहणीला जायचं ते माझ्याच गाडीवर मागे बसून, माझा खांदा लिंबासारखा पिळत.

त्यांचा खरा अवतार मी पाहिला तो अवसरी खुर्दला. कॉलेजच्या पोरांना खोल्या देणाऱ्या एका मालकाची टाकी तुंबली होती. टँकरचा पाइप तळातला घट्ट गाळ ओढेना. टँकरवरचा काळूराम, चाळिशीचा, काटकुळा, बोलायला लाजणारा माणूस, शर्ट काढून उभा. मालक म्हणाले, "उतर की लेका, पाच मिन्टाचं तर काम हाय. विहिरीत सोडतो तसा आदी कंदील सोडून बघू. विझला न्हाई म्हंजे हवा चांगली." दाजी ताडकन उडाले. "ह्या गॅसला कंदील दावता? आख्खी बिल्डिंग उडवायची हाय का, राव? आन् आत दुसरा गॅस असतो, त्यो आदी नाकच मारतो. मानसाला वाटतं वास गेला. जातो त्यो मानूस!" एवढं बोलून त्यांनी झाकण ओढून टाकीवर बसवलं, त्यावर पेपर अंथरला, मांडी ठोकली आणि फॉर्म काढला.

पहिला प्रश्न : काही त्रास? काळूरामने मालकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई." त्याचे डोळे लालभडक, आणि ते 'न्हाई' सुद्धा खोकत खोकत आलं. दाजींनी मुकाट्याने 'नाही' लिहिलं. फॉर्मवर प्रश्न चाळीसच होते, पण दाजींनी पदरचे घालायला सुरुवात केली. आज्याचे दात कितव्या वर्षी पडले? कोणत्या कुशीवर झोपतोस? भाकरी आवडते की चपाती? मधेच मला मंचरला पिटाळलं, जोराच्या पाण्याने गाळ फोडणारं मशीन आणायला. मी परतलो तेव्हा प्रश्न एकशे बारावा चालू होता आणि मालक रडकुंडीला आले होते. "साहेब, उठा की आता!" दाजी शांतपणे म्हणाले, "फॉर्म अर्धवट ऱ्हायला तर पयल्यापासनं घ्यावा लागतो."

तेव्हापासून रिवाजच पडला. कुणी मालक हट्टाला पेटला, की काळूराम हळूच आडोशाला जाऊन फोन करायचा, "दाजी, फॉर्म घिऊन या." दाजी निघायचे, झाकणावर बसायचे, मशीन येईपर्यंत प्रश्न पुरवायचे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र दर वेळी 'न्हाई'च. एकदा मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "व्हय म्हणलं तर उद्या दुसऱ्याला बोलावत्याल, भाऊ." दाजींना हे ठाऊक होतं. ते दर वेळी 'नाही' लिहायचे आणि परतीच्या वाटेवर माझ्या गाडीला शिव्या द्यायचे.

गेल्या महिन्यात दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्याच दिवशी पारगावहून काळूरामचा फोन आला. दाजींनी फॉर्म माझ्या हातात कोंबला. "प्रश्न सपले तर घरचे घाला, पण उठू नका."

मी बसलो. माझी अक्कल त्रेचाळिसाव्या प्रश्नाला संपली. मशीनचा पत्ता नव्हता, बंगल्याचे मालक डोक्यावर उभे होते. घाबरून मी पुन्हा पहिलाच प्रश्न विचारला : काही त्रास? काळूरामने आधी मालकांकडे पाहिलं, मग त्या झाकणाकडे. "हाय," तो म्हणाला. "डोळं चुरचुरत्यात. रातच्याला दम लागतो. आन् लई भ्या वाटतं. म्या आत न्हाई उतरनार." मी ते जसंच्या तसं फॉर्मवर उतरवलं. ते पाहून मालकांनी स्वतःच मशीनवाल्याला फोन लावला आणि लवकर ये म्हणून दरडावलं.

दुसऱ्या दिवशी काळूरामला दवाखान्यात दाखवून मी दाजींकडे गेलो. त्यांनी ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला कूस बदलावी तर गुडघा वळेना.

"इतक्या येळा त्याच्याकडनं 'न्हाई' लिवून घेतलं," ते म्हणाले, "आन् हाय म्हणला तवा मी नेमका खाटंवर. पुढच्या खेपंला मला उचलून न्या, पावणं, पण न्या."

डॉक्टरांनी मांडी घालायला कायमची मनाई केली आहे. मी गाडीच्या मागे एक बुटकं स्टूल बांधून ठेवलं आहे. दाजींनी खिडकीतून ते पाहिलं आणि स्टुलाला गुण जाहीर केले, "आठ."