शोभा परत फिरली

मालनचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ती म्हणाली, "शोभा गेली गं... चहाला आधण ठेवलं आणि तिथंच बसली म्हणं. उठलीच न्हाय." धाराशिवहून मी आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून मालन, दोघी लोहाऱ्याला पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. त्याला आता महिना होत आला. तरी शोभाबद्दल लिहायला बसलं की तिचं लग्न, तिची नोकरी, तिचा संसार यांतलं काहीच आधी आठवत नाही. आठवते ती रामलिंगच्या घळीतली एक दुपार.

आम्ही तिघी येडशीच्या शाळेतल्या. शोभाच्या वडिलांची मेंढरं होती, त्यामुळं रामलिंगचं जंगल तिला घरच्या परड्यासारखं. पुढं ती लोहाऱ्याला दिली गेली आणि एसटीत कंडक्टर झाली. मालन वाशीला शेतात रमली, मी धाराशिवला शिक्षिका. पोरंबाळं हाताशी आल्यावर शोभानंच टूम काढली की हिवाळ्यात एक दिवस तिघींनी जंगलात हिंडायचं. "घरी सांगायचं, देवाला चाललो. खोटं थोडंच हाय? देव वाटंतच हाय की." म्हणून दरवर्षी आधी रामलिंगाचं दर्शन, माकडांपासून वाचवत भाकरी खाणं आणि मग ओढ्याच्या कडेनं संध्याकाळपर्यंत भटकणं.

त्या वर्षी आम्ही घळीत नेहमीपेक्षा बरंच आत गेलो. ओढा आटत आलेला, सागाची मोठाली पानं पायाखाली कुरकुरत होती. मालन मागून काहीतरी गमतीचं सांगत होती आणि शोभा एकदम थांबली. "गप," ती म्हणाली. वर कड्यावर आग्या मोहोळ लोंबत होतं, काळंभोर, सुपाएवढं. ते कशानं बिथरलं, माकडानं की एखाद्या पाखरानं, आजही मला सांगता येणार नाही. आधी नुसती घरघर ऐकू आली, लांबून ट्रॅक्टर यावा तशी. मग कड्याखालची हवाच काळी झाली. "तोंड झाका! पळा!" शोभा ओरडली आणि आम्ही पळालो. कानाच्या मागं निखारा टेकवल्यासारखा पहिला डंख बसला. कशाला अडखळले, काय ओरबाडलं, काही कळलं नाही. ओढा ओलांडून करवंदीच्या दाट जाळीत शिरलो तेव्हा शोभा माझ्याशेजारी होती. मालन नव्हती.

ती पलीकडं खडकावर बसली होती. पळता पळता पाय मुरगळला असावा. दोन्ही हातांनी माशा हाकलत होती, आणि ती जितकी हात हलवी तितक्या त्या तिच्यावर तुटून पडत होत्या. मी मोबाईल काढला, रेंज नव्हती. शोभा मालनकडं बघत होती. एकदा ती चक्क मागं सरली, जाळीत आणखी आत. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुझी शाल दे."

"जाऊ नको शोभा, तुला पण..."

"दे म्हणते ना!"

शाल डोक्यावरून घेऊन ती वाकून निघाली. पळाली नाही, चालत गेली. खडकापाशी पोचून तिनं मालनला कवेत घेतलं आणि दोघींवर शाल ओढली. त्यानंतर मला फक्त शाल दिसत होती, आणि थोड्या वेळानं तिचा रंगही दिसेना, इतक्या माशा. शाल हलत नव्हती. मी देवाचं नाव घेत होते की नुसतीच रडत होते, आठवत नाही... मग आतून शोभाचा आवाज आला, गर्दीच्या गाडीतला तिचा तो खणखणीत आवाज: "हात हलवू नको मालन. माझ्या पायाकडं बघ. पाय उचल." शाल तसूतसूनं माझ्याकडं सरकू लागली.

जाळीत आल्या तेव्हा मालनचे डोळे सुजून मिटले होते, ओठ जाड झाले होते आणि श्वासात शिट्टी वाजत होती. दोघींनी तिला दोन बाजूंनी धरलं आणि देवळाच्या दिशेनं ओढत नेलं. तिची मान कलू लागली की शोभा विचारी, "वाशीची गाडी येडशीहून सुटली. पुढं कोणतं गाव? सांग!"

"येर... येरमाळा..."

"त्याच्या पुढं?"

"तेरखे..." एवढंच. त्यानंतर मालनला बोलता येईना. मग गावांची नावं शोभाच घेऊ लागली, आणि मालननं फक्त हात दाबायचा. मधेच एकदा हात दाबला गेला नाही. शोभानं तिच्या गालावर चापट मारली. "उतरायचं न्हाय अजून! गाव आलं न्हाय तुझं!"

देवळापाशी दर्शनाला आलेल्यांची एक जीप होती, त्यांनी काही न विचारता आम्हाला आत घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं, मग नाव विचारलं. मालनचा श्वास हळूहळू सैल झाला आणि तेव्हा कुठं त्यांचं लक्ष शोभाकडं गेलं. तिची मान, पाठ, हात माशांच्या काट्यांनी भरले होते. इतका वेळ ती 'आई गं'सुद्धा म्हणाली नव्हती.

पुढं लोक तिला वाघीण म्हणायचे, आणि ती चिडायची. एकदा मला म्हणाली, "म्या पळालेच व्हते की. तू बगितलंस न्हवं? मागं वळून बगितलं नसतं तर?"

"पण बघितलंस ना."

"व्हय... पर नसतं बगितलं तर? रातीला तेच येतं डोळ्यापुढं." साधी माशी घोंगावली तरी ती ताटावरून उठायची. आम्हाला वाटलं, आता रामलिंग संपलं. पण पुढच्या हिवाळ्यात फोन तिचाच आला. फक्त तेव्हापासून ती वाट दाखवायला पुढं राहिली नाही. आम्हाला पुढं घालायची आणि स्वतः शेवटी चालायची. "मागं कोण ऱ्हायलं तर मला दिसाया पायजे," एवढंच म्हणायची.

परवा आम्ही पुन्हा गेलो. शोभाची सून म्हणाली होती, "मावशी, ती जागा मला दाखवा." ओढ्यापाशी वाट अरुंद होते, एकामागं एक चालावं लागतं. सून पुढं झाली. मी थांबले, मालनही थांबली. "तू व्हो पुढं," मी म्हटलं. ती जागची हलली नाही. वर कड्यावर मोहोळ होतं की नाही, मी बघितलं नाही. तिनं माझं कोपर धरलं आणि मला वाटेवर पुढं ढकललं.

थोडं चालून मी मागं वळून बघितलं. पदर घट्ट आवळून मालन येत होती. चढाला तिला दम लागला होता. तिनं नुसता हात हलवला... चला, मी हाय मागं.